गुरुवारचा फॉल्ट

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र एका दमात वाचू नकोस. मीही ते तीन दिवस, थांबत थांबत लिहिलंय. फोनच केला असता, पण माझ्याशी तासभर बोललीस की दुसऱ्या दिवशी तुझा आवाज ओढल्यासारखा येतो, हे आता माझ्या लक्षात आलंय. पत्र बाजूला ठेवून देता येतं, बापाचा फोन नाही.

आधी माझी चूक. तुला तो व्हायरल ताप येऊन गेला आणि चार महिने झाले तरी तू सावरेनास, तेव्हा मीच म्हणालो होतो, "रोज सकाळी चालायला जा, अंगात तरतरी येईल." तू गेलीस. पाच दिवस गेलीस आणि मग आठवडाभर अंथरुणातून उठली नाहीस. मी तोंडाने काही बोललो नाही, पण पोरीला नेट धरवत नाही असं मनात आलं होतंच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, एखादा छंद जोपासा," आणि तुझ्या शेजारी बसून मी मान डोलावली. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी विसरलेलो नाही.

मग तुझ्याकडे १९ दिवस राहायला आलो. मेंटेनन्समध्ये जन्म गेलेल्या माणसाला, मशीन कधी आणि कशाने बंद पडलं ते लिहून ठेवायची खोड असते. तुला न सांगता मी खिशातल्या डायरीत तुझा दिवस टिपू लागलो. किती वाजता उठलीस, मीटिंग किती, ऑफिसला गेलीस की घरून काम केलंस, संध्याकाळी कशी होतीस. पहिला आठवडा काही मेळ लागेना. मंगळवारी तुझं मोठं प्रेझेंटेशन झालं. तू टवटवीत होतीस, रात्री आपण उशिरापर्यंत हसत बसलो. मी लिहिलं, 'आज उत्तम'. बुधवार ठीक. गुरुवारी सकाळी बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि तू पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली होतीस. केस ओले, टॉवेल खांद्यावर, कंगवा हातात, आणि हात काही वर जात नव्हता. "बाबा, पाच मिनिटं," म्हणालीस. मी घड्याळ पाहत होतो, बावीस मिनिटं झाली. त्यानंतर लॅपटॉपसमोर बसून, आवाज जराही न पडू देता तू अर्धा तास मीटिंग केलीस, कॅमेरा बंद केलास आणि खुर्चीशेजारी जमिनीवरच आडवी झालीस. पलंग चार पावलांवर होता.

त्या मीटिंगमधल्या कुणालाही विचारलं असतं तर म्हणाले असते, छान आहे की ती!

रात्री डायरी पुन्हा वाचली तेव्हा उलगडा झाला. गुरुवारचा फॉल्ट गुरुवारी झालाच नव्हता, तो मंगळवारी झाला होता. मग वाचत सुटलो. श्रमानंतर साधारण १२ ते ४८ तासांनी सगळी लक्षणं उसळतात आणि कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे राहतात. याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घ थकव्याच्या आजाराची खरी खूण तीच. श्रम म्हणजे अंगमेहनतच असं नाही. वादावादी, गोंगाट, किचकट आकडेमोड, इतकंच काय, आवडीच्या माणसांत घालवलेली संध्याकाळसुद्धा त्यात आली. आपली ती हसण्याची रात्रही खर्चातच पडली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

२०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने या आजाराचे निकष नव्याने मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ आधीसारखं वावरता न येणं, श्रमानंतरची ही घसरण, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि त्याखेरीज डोक्यातलं धुकं किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी एक तरी. तुझी फाइल मांडीवर घेऊन एकेक ओळ जुळवून पाहिली. एकही सुटली नाही. याच आजाराचं दुसरं नाव मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते १९६९ मध्येच मज्जासंस्थेच्या आजारांच्या यादीत घातलेलं आहे. छंद जोपासून जाणारी ही गोष्ट नव्हे, एवढं मला कळलं. आणि चालण्याचं म्हणशील, तर उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत न्यायला सांगितलं होतं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतःच तो सल्ला मागे घेतला. तज्ज्ञांना १४ वर्षं लागली, मला एक. तेवढंच समाधान!

आमच्या कारखान्यात मशीनच्या मोटारीला ओव्हरलोड रिले असायचा, तुला लहानपणी दाखवला होता. लोड वाढला की आतली बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडलेली, पट्टी तापत जाते, वाकते आणि थोड्या वेळाने मोटार ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. लगेच नाही, थोड्या वेळाने. मग पट्टी निवेपर्यंत थांबायचं आणि नंतर रीसेट करायचं. एक उत्साही पोरगा होता, प्रॉडक्शन अडायला नको म्हणून रिलेचं सेटिंग वर चढवून पुन्हा पुन्हा रीसेट मारायचा. मशीन चालायचं, पोराला शाबासकीही मिळायची. एका दुपारी मोटारीतलं तारांचं वाइंडिंग जळाल्याचा वास वर्कशॉपभर पसरला. मनू, तू त्या पोरासारखं करते आहेस. तुझं रीसेटचं बटण म्हणजे तुझी जिद्द, आणि ती तुझ्यात मीच भरली, म्हणून तर हे लिहायला मला तीन दिवस लागले.

आता नोकरीचं बोलू. दमल्यावर थांबून उपयोग नाही, तोवर पट्टी वाकलेली असते. थांबायचं आधी, आणि सगळ्यात जास्त सांभाळायचं ते चांगल्या दिवशी. वाईट दिवशी शरीरच तुला थांबवतं. चांगल्या दिवशी तू चार दिवसांचं साठलेलं काम उपसायला बसतेस, आणि माझ्या डायरीतली प्रत्येक मोठी घसरण अशाच दिवसानंतर आलेली आहे. ज्या दिवशी तू प्रत्येक लांब मीटिंगनंतर पडदा ओढून पंधरा मिनिटं पडलीस, त्याच्या पुढचे दोन दिवस सरळ गेले. पण नुसतं पडायचं. फोन हातात घेऊन पडणं म्हणजे पाय वर करून काम करणं. तुझं डोकं साडेदहा ते एक चांगलं चालतं, त्या वेळेत विचाराचं काम कर आणि तिथे कुणाला मीटिंग टाकू देऊ नकोस. मेल, फॉर्म, टाइमशीट ही हमाली दुपारी. केस धुणं ऑफिसच्या दिवशी सकाळी नकोच.

उभं राहिलं की छातीत धडधडतं, असं तू एकदा ओझरतं म्हणालीस. आधी आडवं असताना आणि मग उभं राहून दहा मिनिटांपर्यंत नाडी मोजतात. ती मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर डॉक्टर पॉट्स नावाच्या त्रासाचा विचार करतात. मूळ आजाराला खात्रीचं औषध अजून नाही, आहे म्हणून कुणी विकायला आला तर त्याला माझा नंबर दे. पण या धडधडीवर इलाज असतात, तेव्हा ती तपासणी टाळू नकोस.

मॅनेजरशी बोलताना एक पथ्य पाळ. 'थकवा' हा शब्दच काढू नकोस. "आम्हीही थकतो हो," हे उत्तर ठरलेलं असतं. आजाराचं व्याख्यानही नको. काय हवं ते मोजून माग. ऑफिसचे दिवस लागोपाठ नकोत, दोन मीटिंगमध्ये अर्धा तास मोकळा, कॅमेरा ऐच्छिक, ठरलेल्या गोष्टी मेलवर, कारण धुकं असलं की तोंडी ऐकलेलं निसटतं. सोबत डॉक्टरांचं पत्र जोड आणि सगळं लेखी ठेव. आणि हे काम चांगलं होत असतानाच माग. चुका व्हायला लागल्यावर मागितलंस तर ती सबब वाटते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलंय.

एक अवघड गोष्ट राहिली. माझ्या डायरीत तुझे सगळे शनिवार-रविवार आहेत आणि त्यांच्यापुढे एकच शब्द आहे, 'झोपून'. म्हणजे पाच दिवसांचा पगार घेऊन तू सात दिवस देते आहेस. या आजाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना कधी ना कधी घराबाहेर पडणंच जमेनासं होतं. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण 'अजून जमतंय ना' एवढ्यावर विसंबू नकोस म्हणून लिहितोय. हे बदल करून सहा महिन्यांनी डायरीत तोच शब्द दिसला, तर आठवड्याला चार दिवस मागायचा विचार कर. पगार किती कमी होईल ते आपण दोघं कागदावर मांडू, मला आकड्यांची भीती नाही. नको म्हणालीस तर तेही ठीक. मी पुन्हा विषय काढणार नाही, आणि आईलाही काढू देणार नाही (हे जास्त कठीण आहे).

त्या बादलीवर आता बसू नकोस. स्टूल तयार केलंय, १७ इंच उंच, पायांना रबर लावलंय म्हणजे ओल्या फरशीवर सरकणार नाही. मी स्वतः ओल्या फरशीवर बसून पाहिलं, आई हसत होती. पुढच्या महिन्यात घेऊन येतो. मला घ्यायला येऊ नकोस, किल्ली शेजारी ठेव.

तुझे,
बाबा