पूर ओसरल्यावर घर कोण उभारणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मे महिना संपत आला की सांगलीत पूरनियंत्रणाच्या बैठका सुरू होतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, कोणत्या शाळेत किती माणसे राहतील, जनावरांना कुठे न्यायचे, याच्या याद्या निघतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी हे आकडे तर आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. ही तयारी आवश्यकच आहे आणि २०१९ च्या महापुराच्या अनुभवानंतर ती सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण पाणी उतरल्यानंतर पडलेले, खचलेले, ओल धरलेले घर पुन्हा उभे करण्यासाठी हात कोठून आणायचे, हा विषय मात्र या बैठकांत मी कधी निघालेला ऐकला नाही. बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून काम करून निवृत्त झालेला माणूस या नात्याने त्याच एका विषयावर हे पत्र लिहीत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि नदीकाठची गावे आठवडाभर पाण्यात राहिली. त्या दिवसांत मदतीचा ओघ इतका होता की बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे ठेवायला गावात जागा उरली नव्हती. गणपती बसले, विसर्जन झाले आणि टेम्पो यायचे थांबले. घरांची खरी दुर्दशा मात्र त्यानंतर दिसू लागली. आपल्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असतात. अशी भिंत पाण्यात लगेच पडत नाही. पाणी उतरल्यावर ऊन लागते, बाहेरचा थर वाळून आकसतो, आतला गाभा ओलाच राहतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या रात्री भिंत खालच्या बाजूने बसते. त्यात आपली काळी जमीन ओलीने फुगते आणि वाळताना भेगाळते, त्यामुळे जोते एकसारखे न खचता एका कोपऱ्यात खचते. पंचनाम्याच्या दिवशी उभे असलेले घर दसऱ्यापर्यंत राहण्यालायक उरत नाही, याचे कारण हे आहे.

भिलवडीच्या पलीकडच्या एका गावात माझ्या आत्याचे असेच घर होते. आत्याचे वय तेव्हा ७८, घरात ती एकटी, मुलगा पुण्याला खासगी नोकरीत. चार भिंतींपैकी दोन सरळ उभ्या होत्या, म्हणून नोंद ‘अंशतः पडझड’ अशी झाली. त्यात कोणाची लबाडी नव्हती, कारण निकषच तसे आहेत. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेले दर पाहिले, तरी सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये ठरले. राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालते, ही गोष्ट वेगळी. परंतु चार हजारांत आज गवंडी आणि त्याच्या हाताखालचा बिगारी किती दिवस येतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. शिवाय पुरानंतर तालुक्यातले सगळे गवंडी एकाच वेळी सगळ्यांना हवे असतात, आणि पैसे असूनही माणूस मिळत नाही.

अशा वेळी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मिरजेच्या एका चर्चची अकरा माणसे त्या गावात आली. त्यांत दोन गवंडी होते, एक वायरमन, तीन परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि बाकीची कॉलेजची मुले. घमेली, फावडी, पहारी, टेकूसाठी बल्ल्या आणि दुपारच्या भाकरी त्यांनी बरोबर आणल्या होत्या. गावावर आपल्या जेवणाचा भार पडू नये, असा त्यांचा नियम होता. आत्याला तो अपमान वाटला. ‘माझ्या दारात येऊन फडक्यातली भाकरी खाता होय रे?’ असे म्हणून तिने चुलीवर चहा ठेवला, आणि पुढच्या शनिवारपासून नियम थोडा सैल झाला.

पहिले दोन शनिवार त्यांनी नुसता गाळ काढला. काम पाहायला पारावर बसलेली गावातली मुले पहिल्या दिवशी मोबाइलमधून मान वर काढायला तयार नव्हती, दुसऱ्या दिवशी त्यांतली चार जण घमेले उचलायला आली. सर्वांना घाई होती ती बसलेली भिंत पाडून टाकण्याची. थोरल्या गवंड्याने मात्र आधी आढ्याला टेकू दिले, वायरमनने मीटरपासूनची जोडणी तोडून अर्थिंग तपासले आणि मगच पहिली पहार लागली. ही शिस्त मी सरकारी कामांवरही नेहमीच पाहिलेली नाही.

त्या भिंतीत आत्याचा देव्हाऱ्याचा कोनाडा होता. गवंड्याने देवांना हात लावला नाही. ‘आजी, तुमचे देव तुम्हीच हलवा, आम्ही थांबतो,’ असे तो म्हणाला, आणि खरोखरच अकरा माणसे अर्धा तास अंगणात थांबली. दिवाळीच्या सुट्टीत ती माणसे सलग सहा दिवस आली, तेव्हा भाजलेल्या विटांची नवी भिंत छातीइतकी वर आली होती. गवंड्याने आत्याला बोलावून विचारले, कोनाडा कुठे आणि केवढा. तिने वीत लावून माप दिले आणि बजावले की समईच्या ज्योतीने वरची कड काळी होते, तेव्हा चार बोटे उंच ठेव. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ते माप त्याने पेन्सिलीने लिहून घेतले. भिंत संपली तेव्हा कोनाडा पूर्वीच्याच जागी होता आणि चार बोटे उंच होता.

हे इतके तपशिलाने लिहिण्याचे कारण आहे. चर्चची माणसे गावात काम करू लागली की एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि तो त्या गावातही विचारला गेला: याच्या बदल्यात यांना काय हवे आहे? प्रश्न विचारणे चूक नाही. मदतीच्या बदल्यात प्रार्थना, मत किंवा फलकावर नाव मागणारा कोणीही असो, त्याला गावाने दारातूनच परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मी तीन महिने अधूनमधून त्या कामावर उभा होतो आणि त्या कोनाड्याखेरीज धर्माचा विषय निघालेला मी ऐकला नाही. मिरजेला तर यात काही नवलही वाटू नये. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे मिशन हॉस्पिटल उभारले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या या जिल्ह्यातले आणि कर्नाटकातले रुग्ण जात-धर्म न विचारता तेथे जात राहिले.

बाहेरच्या जगात या कामाला एक घडी बसलेली आहे. अमेरिकेत मेनोनाइट नावाचा एक छोटा ख्रिस्ती पंथ आहे. त्या पंथातल्या काही तरुणांनी १९५० साली कॅन्सस राज्यात आपत्तीनंतर घरे दुरुस्त करून देणारी स्वयंसेवकांची संघटना सुरू केली, आणि ती आजही चालू आहे. आपल्याकडे २००५ चा महापूर आला त्याच वर्षी, २९ ऑगस्टला, तिकडे कतरीना हे चक्रीवादळ लुइझियाना राज्यात धडकले. टीव्हीवाले निघून गेल्यानंतरही निरनिराळ्या चर्चचे स्वयंसेवक तेथे कित्येक वर्षे पाळीपाळीने जात राहिले. त्यांच्या पद्धतीत मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्या भागातल्या संस्थांची एकच समिती बसते, विमा आणि सरकारी मदत मिळूनही ज्यांचे भागत नाही अशांची एकच यादी करते, आणि मग कोणी साहित्याचा खर्च उचलतो, कोणी मजुरी देतो, कोणी स्वयंसेवकांच्या मुक्कामाची सोय करतो. एका घराला तीन संस्था आणि शेजारच्या घराला कोणीच नाही, असा प्रकार त्यामुळे टळतो. आपल्याकडे २०१९ मध्ये हा प्रकार सर्रास झाला.

ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. एका शेतकऱ्याच्या नांगरटीला साऱ्या वाडीने आपापले बैल घेऊन जायचे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचे, याला आपल्याकडे इर्जिक म्हणत. ट्रॅक्टर आले आणि इर्जिक गेली. पण घराच्या बाबतीत ती पुन्हा सुरू करता येईल. सांगलीत गणेश मंडळे आहेत, मशिदींच्या जमाती आहेत, देवस्थानांचे विश्वस्त आहेत, तालमी आहेत, आणि यांतल्या प्रत्येकाकडे पुराच्या पाण्यात उतरून माणसे काढणारी पोरे आहेत. त्या पोरांना पाणी उतरल्यावर काय करायचे हे कोणी सांगत नाही, एवढेच.

मात्र नुसता उत्साह पुरत नाही, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. २००५ च्या पुरानंतर याच आत्याच्या घराच्या मातीच्या भिंतीला जाड सिमेंट गिलावा करण्याचा सल्ला मी दिला होता. भिंत भक्कम दिसू लागली, पण आतली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली, आणि २०१९ मध्ये तो गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आला, तेव्हा आत चिखल निघाला. गिलाव्यापूर्वी भिंत वाळू देणे, काळ्या मातीत पाया खोल नेऊन मुरूम दाबणे, जोते उंच घेणे, दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालणे, या गोष्टी जाणत्याच्या देखरेखीखालीच झाल्या पाहिजेत. शेवटची गोष्ट तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्या माणसांना पटवावी लागू नये.

या कामाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतील. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरड कोसळली. तेथे जमीनच धोक्याची असल्याने आधी सुरक्षित जागा हवी होती, आणि ती सरकारच देऊ शकते. स्वयंसेवकांनी पुनर्वसनाची जबाबदारी घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्या आकाराचे काम शासनाचेच आहे. ज्यांचे घर जागेवर आहे, पण दुरुस्तीअभावी राहण्यालायक नाही, अशा मधल्या लोकांविषयी मी बोलत आहे.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे माझी मागणी लहान आहे. पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांनी आणि पुन्हा दीड महिन्याने अशी घरांची दुबार पाहणी व्हावी, कारण भिंती उशिरा पडतात. अंशतः पडझडीच्या घरांतली एकटी म्हातारी माणसे, विधवा आणि भूमिहीन मजूर यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या यादीतूनच घर घ्यावे. कोणत्याही धर्माचा प्रचार कामावर होणार नाही, हे सर्वांकडून सारखेच लिहून घ्यावे. टेकूच्या बल्ल्या, पंप आणि पहारी तालुक्याच्या ठिकाणी ठेवल्या, तर खर्च फारसा नाही.

आत्याच्या घरात जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी शिरले, कंबरेइतके. नव्या भिंतीचा रंग गेला, दाराची चौकट फुगली, पण भिंतीला तडा गेला नाही. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी त्या गवंड्याचा फोन आला होता. वर सुचवलेल्या यादीतली घरे पाहून दुरुस्तीचा अंदाज काढून देण्याचे काम मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी विनामूल्य करू. संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, सांगली