टाकीवरच्या दिव्यासाठी बडोद्याच्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

दांडियाबाजार, रावपुरा, प्रतापनगर अशा ठिकाणी विखुरलेले आम्ही काचेच्या टाकीत सिक्लिड जातीचे रंगीत मासे पाळणारे हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. दिव्याबद्दल तुम्ही जे शिकवलंत ते दुकानातल्या खोक्यावर छापलेलं नसतं, आणि नव्यानं टाकी मांडणाऱ्यांपर्यंतही ते पोचायला हवं.

कुणी "किती वॅटचा दिवा घेऊ?" असं विचारलं की तुमचा उलट प्रश्न ठरलेला: टाकीत झाडं आहेत का? आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड पाळणाऱ्याकडे बहुतेक नसतातच, कारण हे मासे मुळं उकरतात, पानं कुरतडतात. फार तर अनुबियास किंवा जावा फर्न टिकतं, आणि त्यांना कमी उजेड पुरतो. म्हणजे दिवा फक्त आपल्याला मासे नीट दिसावेत म्हणून. हे कळल्यावर निम्मा खर्च तिथेच वाचला.

हिशेबही तुम्हीच घालून दिलात. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे ९ घनफूट, सुमारे २५५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी २०० लिटरच्या आसपास. लिटरमागे १० ते १५ ल्यूमेन (उजेडाचं माप) धरले तर २००० ते ३००० ल्यूमेन लागतात. बरी एलईडी वॅटमागे शंभरएक ल्यूमेन देते, म्हणजे २० ते ३० वॅट. ४ फुटी, २० वॅटची साधी बॅटन (एलईडी नळी) इथे चपखल बसते, मात्र ती काचेच्या झाकणावरच हवी; वाफ आत शिरली की ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा भाग, जातो. १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावायची तर मीटरला १४.४ वॅटच्या पट्टीचे ४ फुटांना साधारण साडेसतरा वॅट होतात. त्याला २ ॲम्पियरचा, म्हणजे २४ वॅटचा ॲडॅप्टर घ्यावा. अगदी काठोकाठ घेतलेला तापत राहतो. पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्येच चिकटवावी. नाहीतर उष्णता अडकते आणि उजेड लवकर मंदावतो.

रंगाबद्दल तुम्ही कधीच तडजोड केली नाहीत, आणि ते योग्यच होतं. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड हा पाया, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) जमलं तर ९० किंवा वर. नर पीकॉक सिक्लिडचा निळा रंग खुलवायचा असेल तर जोडीला ८००० ते १०००० केल्विनची छोटी पट्टी. नुसत्या निळ्या दिव्याखाली यलो लॅब हा पिवळा मासा मळकट हिरवा दिसतो, कारण त्या उजेडात पिवळा नसतोच. गुलाबी दिवा त्याहून वाईट: फिका पडलेला, आजारी मासाही त्याखाली तजेलदार दिसतो आणि उपचाराचे दिवस हातचे जातात.

दिवा पुढच्या काचेकडे सरकवायला लावलात, हा सगळ्यात मोलाचा सल्ला. मागे लावला की माशांची आपल्याकडची बाजू अंधारात राहते आणि मागच्या काचेवर शेवाळ माजतं. पुढे लावला की मागच्या दगडांत सावली राहते; मार खाणारा मासा, तोंडात अंडी धरलेली मादी तिथे टेकते. पांढरी वाळू आणि प्रखर दिवा एकत्र आले तर मासे रंग टाकतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

वेळ ८ तास, टायमरवर. दगडांवरचा पातळ हिरवा थर घासू नका म्हणालात, कारण एंबुना, म्हणजे मलावीतले दगडांत राहणारे सिक्लिड, तोच खरवडून खातात. नव्या टाकीतला तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. त्यासाठी उजेड वाढवायचा नाही, तो बहुधा आपणच जातो. हिरवं शेवाळ वाढलं तर आधी तास कमी करायचे आणि दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलायचं.

आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर झाकणाच्या काचेवर बसतो, त्यानं उजेड बराच घटतो. काच काढून व्हिनेगरनं पुसली की "दिवा कमजोर झाला" ही तक्रार बहुतेक वेळा मिटते. मे महिन्यात हूड (टाकीवरचं झाकण) बंद ठेवू नये, कारण पाणी आधीच तापलेलं असतं: २५ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५.

आणि वायर. वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाऊ नये म्हणून सॉकेटच्या खाली झोळ देऊन मगच वर नेलेली, मागे ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). हे तुम्ही प्रत्येक घरी स्वतः तपासलंत. संध्याकाळी आधी खोलीतला दिवा, १०-१५ मिनिटांनी टाकीचा, रात्री उलट. त्यामुळे दचकून काचेवर आपटणारे मासे थांबले. या दोन्हींसाठी घरोघरची मंडळी तुमची ऋणी आहेत.

आता आमच्यातले दोघं डिस्कस या दुसऱ्या सिक्लिडची टाकी मांडताहेत. त्यांना उजेड याच्या निम्मा आणि वर तरंगती झाडं, असा आमचा अंदाज आहे. दिवा विकत घेण्याआधी एकदा येऊन बघाल का?

आपले,
बडोद्याचे सिक्लिडवाले