दोन पेपर, दोन पुरवण्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअरच्या पानावर लेखन क्षेत्रातल्या संधींबद्दल लेख आला होता. लेख वाईट होता असं नाही म्हणत मी, पण त्यात जे काही होतं ते सगळं पदवीनंतर होतं, पदवीनंतर हा कोर्स करा, पदवीनंतर ती इंटर्नशिप करा. माझी भाची सेकंड इयरला आहे, तिने ते पान कापून आणलं आणि माझ्यासमोर धरलं, बघ मामा, यात पण हेच दिलंय, आधी डिग्री हातात येऊ दे मग लिहायचं बघते. आता मी गेली २६ वर्षं लिहिण्यावरच पोट भरतोय, आधी प्रूफरीडर, मग उपसंपादक, मग जाहिरातीची कॉपी, मशीनची मॅन्युअल्स, सबटायटल्स, मोठ्या लोकांची भाषणं (नाव त्यांचं, घाम माझा), जे आलं ते केलं. तिला जे सांगितलं तेच तुम्हाला पाठवतोय, कारण ते पान अजूनही कुणी कुणी कापून ठेवलं असेलच.

कॉलेजात आपण लिहायला शिकतो असं आपण धरून चालतो ना, ते निम्मंच खरं आहे. परीक्षेच्या पेपरला पुरवण्या जोडल्या की मार्क वाढतात ही समजूत शाळेपासून डोक्यात बसलेली असते, मग प्रश्नच जरा फिरवून उत्तरात लिहायचा, प्रस्तावना घालायची, एका वाक्यात संपणारी गोष्ट तीन वाक्यांत सांगायची, शेवटी "अशा प्रकारे" करून परत सगळं एकदा. आणि तपासणाऱ्याला ते शेवटपर्यंत वाचावंच लागतं, त्याचे त्याला पैसे मिळतात. तुमच्या पेपरच्या पुरवणीत मात्र ८०० शब्दांची जागा असली की ८००च, आणि वाचणारा दुसऱ्या ओळीला कंटाळला की पान उलटतो, त्याला कुणी धरून ठेवलेलं नसतं. म्हणजे नाव दोन्हीकडे पेपर आणि पुरवणीच, पण एकीकडे फुगवायचं आणि दुसरीकडे कापायचं. तीन-चार वर्षं फुगवायची सवय करून मुलं बाहेर पडतात आणि मग पहिल्या नोकरीत ती सवय मोडण्यात एक-दोन वर्षं जातात. माझी गेली.

म्हणून भाचीला पहिलं काम दिलं ते नवीन काही लिहायचं नाहीच. तिची १,५०० शब्दांची एक असाइनमेंट होती, म्हटलं ही ८०० वर आण, पण त्यातली एकही माहिती गळता कामा नये. ते जमतं, विशेषणं आणि एकच गोष्ट दोनदा सांगितलेली जागा काढल्या की होतं. मग ४०० वर आण. इथे घाम फुटतो कारण आता माहितीच काढावी लागते आणि काय ठेवायचं ते ठरवायचं तर आधी आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं. मग १५०. १५० वर आल्यावर कळतं की मुळात आपल्याकडे सांगण्यासारखं काही होतं की नव्हतं. तिच्याकडे होतं. माझ्या कॉलेजातल्या निबंधांवर मी हा प्रयोग नंतर करून बघितला होता, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. सबटायटल्स करायला लागलो तेव्हा तर एका वेळी स्क्रीनवर जास्तीत जास्त दोन ओळी मिळायच्या, त्या पण वाचून व्हायच्या आत पुढचा डायलॉग सुरू, तिथे एक "खरं तर" सुद्धा परवडत नाही.

आणि शिकता शिकता लिहिणं ही काही मी काढलेली नवीन टूम नाही. रशियन कथालेखक अँटन चेकॉव १८७९ मध्ये मॉस्को विद्यापीठात मेडिकलला गेला, वडिलांचं दिवाळं निघालेलं, घर चालवायला पैसे हवेत, म्हणून १८८० पासून विनोदी साप्ताहिकांत टोपणनावाने लिहायला लागला आणि १८८४ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला तोवर ढीगभर लेखन छापून झालेलं होतं. त्यातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाची १०० ओळींची मर्यादा असायची, त्याच्यावर चेकॉव वैतागायचा. पण कमी जागेत माणूस उभा करायचा हात त्याला या कामातच बसला असं मला वाटतं. आता याची दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल सोयीचं तेवढंच सांगितलं. १८८६ मध्ये ग्रिगोरोविच नावाच्या एका ज्येष्ठ लेखकाने त्याला पत्र लिहून कळवलं की बाबा तुझ्यात गुण आहेत, ही घाईघाई बंद कर. तेव्हा चेकॉवने उत्तरात कबूल केलं की एका कथेवर एका दिवसापेक्षा जास्त काम केल्याचं आठवत नाही, रिपोर्टर आगीच्या बातम्या लिहितात तसं लिहीत आलो. म्हणजे डेडलाइनने हात तयार होतो आणि तीच डेडलाइन नंतर हात बिघडवू पण शकते. पण हात तयारच झाला नाही तर बिघडणार काय!

पूर्वी कॉलेजात काही न करता बाहेर पडलात तरी चालून जायचं, कारण पहिली पायरी होती. आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याला प्रॉडक्टखालच्या चार ओळी, प्रेसनोटची बातमी, फोटोखालच्या कॅप्शन असली कामं द्यायचो, तो चुकायचा, कुणीतरी सीनियर लाल पेन फिरवायचा आणि त्या शिकण्याचा त्याला पगारही मिळायचा. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि मी जिथे जिथे काम करतो तिथे तरी आता ही कामं आधी मशीनकडे जातात आणि माणसाला म्हणतात जरा बघून घे. पण बघून घ्यायचं तर काय चुकलंय ते दिसायला पाहिजे ना, आणि ते दिसायला आधी स्वतः शंभरदा चुकलेलं असावं लागतं! हॉलिवूडचे पटकथालेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर होते त्यातही एआय हा एक मोठा मुद्दा होता, म्हणजे ही भीती फक्त नवख्यांची नाही. पण पायरी खरोखर काढली गेलीय ती नवख्यांच्या पायाखालची, त्यामुळे फुकटात चुकायची जागा आता कॉलेजच उरलंय.

हे ऐकून भाचीने विचारलं मग कॉलेज सोडून लिहायलाच लागू का. अजिबात नाही. लायब्ररी हाताशी आहे आणि कुठलाही दरवाजा ठोठावून "मी विद्यार्थी आहे, मला हे समजून घ्यायचंय" म्हणायची सोय आहे, ती पुढे आयुष्यात मिळत नाही. बॉटनीच्या सरांना जाऊन विचार, हॉस्टेलच्या रात्रपाळीच्या वॉचमनशी बोल, वही घेऊन बस, परत येऊन लिही, आणि लिहिलेलं छापायच्या आधी नावं आणि आकडे त्यांच्याकडून तपासून घे. मशीनला जे येत नाही ते हेच, उठून कुणाकडे तरी जाणं. आणि लिहिण्याशिवाय दुसरा एखादा विषय धड येऊ दे, अकाउंट्स म्हण, कायदा म्हण, आजारपणं म्हण. नुसतं छान लिहिणारे मला खूप भेटले, ताळेबंद वाचून त्यावर छान लिहिणारे दोनच, आणि ते कधी रिकामे बसलेले बघितले नाहीत.

दुसरं म्हणजे कॉलेजच्या वार्षिकांकात लेख देणारे खूप असतात, संपादक मंडळात बसायला कुणी तयार नसतं कारण ते हमालीचं काम आहे. तिथे बसा. मी एक वर्ष बसलो होतो, गठ्ठाभर कविता आणि कथा वाचल्या, आणि विसाव्या कवितेला पाऊस, आई आणि एकटेपणा हे शब्द दिसले की हात आपोआप पुढच्या कागदाकडे कसा जातो ते स्वतः अनुभवलं. एका जवळच्या मित्राची कथा परत करावी लागली, तो महिनाभर बोलला नाही. पण त्यानंतर माझं लेखन परत आलं तेव्हा मी कुणाचा राग धरला नाही, टेबलाच्या पलीकडे काय चाललेलं असतं ते माहीत होतं.

आता एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही आणि तिची किंमत मोजली ती जरा सविस्तर लिहितो. थर्ड इयरला एका कथास्पर्धेत बक्षीस मिळालं, कुठली ते जाऊ दे. प्रवेशिकेच्या मागे बारीक अक्षरात नियम होते, ते न वाचता सही केली होती. सात वर्षांनी माझा छोटासा कथासंग्रह निघायचा होता, त्यात ती कथा घ्यायची म्हटलं तर प्रकाशकाने विचारलं हक्क कुणाकडे आहेत, आणि नियम काढून बघतो तर सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क कायमचे आयोजकांकडे. नुसत्या विजेत्यांचे नाही, सगळ्यांचे! दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही, कथा संग्रहात आली नाही, माझ्या मते ती त्यातली सगळ्यात बरी होती. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आता १८० च्या वर देश आहेत आणि त्यानुसार लिहिल्याबरोबर कॉपीराइट आपला होतो, नोंदणी वगैरे लागत नाही, पण सही करून तो देऊन टाकायला एक सेकंद पुरतो. "प्रथम प्रकाशनाचा हक्क" (पहिल्यांदा छापण्यापुरता) आणि "सर्व हक्क" यातला फरक विसाव्या वर्षी कळायला काहीच हरकत नाही. आणि पुस्तक काढायला तुमच्याकडूनच पैसे मागणारा भेटला तर तो पुस्तक विकून नाही, तुम्हाला विकून कमावतोय एवढं ध्यानात ठेवावं.

बाकी फॉलोअर्स किती, टोपणनाव कुठलं, व्हिजिटिंग कार्डवर "लेखक" छापावं का, यावर मुलं फार वेळ घालवतात. एक साधी वही करा, कुठली गोष्ट कुठे कधी पाठवली, काय उत्तर आलं, तारखेसकट, म्हणजे एकच लेख दोन ठिकाणी जाऊन दोन्हीकडे छापून यायची नामुष्की टळते. आणि छापून आलेल्या प्रत्येक गोष्टीची पीडीएफ स्वतःजवळ ठेवा. माझी पाच वर्षांची कामं एका वेबसाइटबरोबर गेली, दाखवायला नावसुद्धा शिल्लक नाही.

आता संपादक महोदय, तुमच्याकडे थोडं. भाचीने ४०० शब्दांचा लेख तयार केलाय आणि तो तुमच्याकडे पाठवायचा म्हणून आम्ही दोघांनी तुमचा अख्खा पेपर उलटापालटा करून बघितला. पुरवणीसाठी लेख कुणाच्या नावे पाठवायचा, किती शब्दांचा, मानधन मिळतं की नाही, आणि किती दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरीकडे पाठवायला मोकळं समजायचं, यातलं काहीही कुठे छापलेलं नाही. करिअरचं अख्खं पान देता तर त्याच्या कोपऱ्यात ही चार ओळींची चौकट पण द्या ना, दर महिन्याला एकदा दिलीत तरी चालेल.

पत्राची मर्यादा तुम्ही २५० शब्द दिली आहे ते मी वाचलंय. कापताना वार्षिकांकाचा परिच्छेद खुशाल काढा, चेकॉवही गेला तरी चालेल, चौकटीचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना उपसंपादक