पैसा कुणाचा आणि लगाम कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘असं बघायला गेलं तर काहीच विकत घेता येणार नाही.’ वादग्रस्त परदेशी गुंतवणूकदाराचा पैसा असलेल्या कंपनीची वस्तू घ्यावी की नाही, हा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकते आणि सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात. मीही बरीच वर्षे असाच सोडत आले. या पत्राचे निमित्त माझी मुलगी आहे.

आमच्या घरात रोज वापरली जाणारी एक सेवा तिने बंद करायचे ठरवले. कंपनीत एका परदेशी राजवटीचा पैसा आहे आणि ती राजवट लेखणी चालवणाऱ्यांना तुरुंगात टाकते, एवढेच तिने कुठेतरी वाचले होते. मी तीस वर्षे हिशेब तपासण्यात घालवली. त्यामुळे म्हटले, आधी कागद बघू. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून आम्ही दोघी तीन संध्याकाळी बसलो. भागधारकांच्या तक्त्यात त्या राजवटीचे नाव कुठेच नव्हते. होते ते एका नॉमिनी कंपनीचे, म्हणजे दुसऱ्याचे समभाग आपल्या नावावर ठेवणाऱ्या कंपनीचे. तिच्या मागे एक फंड, फंडाच्या मागे तिसऱ्याच देशात नोंदलेली आणखी एक कंपनी. चौथ्या पायरीवर आम्ही अडकलो. मुलगी पेन्सिलीने चौकोन काढून बाण जोडत होती. शेवटच्या चौकोनात तिने नुसते प्रश्नचिन्ह काढले.

यात बेकायदा काहीच नव्हते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतला आपला हिस्सा जाहीर करण्याची सक्ती अमेरिकेत साधारण ५ टक्क्यांपासून सुरू होते, ब्रिटनमध्ये ३ टक्क्यांपासून. त्याखाली बसणारा सहज दिसत नाही. कंपनीचा खरा मालक कोण याची नोंदवही युरोपात सर्वांना पाहता यायची, पण खासगीपणाच्या हक्काचे कारण देऊन युरोपीय न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२२ रोजी तिच्यावर मर्यादा आणली. खासगीपणा मलाही हवाच आहे. पण मालकच दिसत नसेल, तर ‘ग्राहकाने जागरूक राहावे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मग मी हिशेब मांडला. समजा, मी कंपनीला १०० दिले. खर्च आणि कर जाऊन तिच्या हाती निव्वळ नफा राहिला ८. त्यातला निम्मा, म्हणजे ४, तिने लाभांश म्हणून वाटला. गुंतवणूकदाराचा हिस्सा ५ टक्के असेल तर त्याच्या पदरात पडले ०.२०. म्हणजे शंभर रुपयांतले वीस पैसे. मुलीचा चेहरा उतरला. एवढ्यासाठी तीन संध्याकाळी घालवल्या? आणि बऱ्याच नव्या कंपन्या तर लाभांश वाटतच नाहीत.

मलाही आधी तसेच वाटले. पण या हिशेबात एक चूक आहे. असा गुंतवणूकदार लाभांशासाठी येतच नाही. तो येतो समभागाची किंमत वाढेल म्हणून, आणि ती किंमत आपण किती पैसे दिले यावर जेवढी ठरते, तेवढीच आपण किती जण आहोत यावरही ठरते. फुकट सेवा वापरणारा माणूस एक छदामही देत नाही, तरी त्या गर्दीत उभा राहून त्या हिश्श्याचे मोल वाढवत असतो. म्हणून ‘माझे पैसे तिकडे जात नाहीत’ हे समाधान पुरे पडत नाही.

दुसरे म्हणजे, पैसा आत कसा आला? गुंतवणूकदाराने बाजारात दुसऱ्या भागधारकाकडून समभाग घेतले असतील, तर कंपनीच्या तिजोरीत त्यातली दमडीही येत नाही. नकोसा पाहुणा दारात आला, तरी नोंदलेल्या कंपनीला त्याला अडवणे अवघड असते. तिने स्वतः नवे समभाग काढून त्याला दिले असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे बोलणी होतात, करार होतो, आणि पैशाच्या बदल्यात काहीतरी दिले जाते: संचालक मंडळावर खुर्ची, मोठ्या निर्णयांवर नकाराधिकार, आतली माहिती आधी मिळण्याचा हक्क. २०१६ साली सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने उबरमध्ये ३५० कोटी डॉलर घातले, तेव्हा त्या निधीचे प्रमुख उबरच्या संचालक मंडळावर आले. असा पैसा कंपनीने बोलावून घेतलेला असतो. त्याचा जाब तिला विचारता येतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ग्राहकाने पैशाचा रंग शोधत बसण्याआधी लगाम पाहावा. त्या पैशाने काय विकत घेतले? नुसता नफ्यातला वाटा, की कंपनीच्या तोंडावर बसवलेला हात?

फियातचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १९७६ मध्ये ही इटालियन मोटार कंपनी अडचणीत होती. लिबियाच्या सरकारी बँकेने तिचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला आणि संचालक मंडळावर जागाही मिळवली. लिबियात तेव्हा गडाफीची सत्ता होती. दहा वर्षे हे चालले. पुढे अमेरिका आणि लिबिया हातघाईवर आले, फियातच्या अमेरिकेतल्या लष्करी कामांवर गंडांतर येऊ लागले, आणि १९८६ मध्ये लिबियाचा हिस्सा सुमारे ३०० कोटी डॉलरना सोडवून घेण्यात आला. लिबियाने घातलेल्या रकमेच्या कित्येक पट ही रक्कम होती. म्हणजे त्या राजवटीला बाहेर काढतानाही तिचे उखळ पांढरेच झाले.

जर्मनीतल्या क्रुप या उद्योगसमूहाची गोष्ट आणखी वेगळी. १९७४ मध्ये इराणने त्याच्या पोलाद कंपनीचा पंचवीस टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा घेतला, तेव्हा तिथे शहा होते. १९७९ मध्ये क्रांती झाली आणि तेच समभाग नव्या राजवटीच्या ताब्यात गेले. थिसनक्रुप झालेल्या या कंपनीने २००३ साली इराणचा हिस्सा ५ टक्क्यांच्या खाली आणण्यासाठी ४० कोटी युरोंहून अधिक मोजले, कारण तसे न केल्यास अमेरिकेतली सरकारी कामे धोक्यात आली असती. कागद तोच, सही करणारा हात बदलला. आज सज्जन वाटणारा गुंतवणूकदार उद्या कोण असेल, हे पैसा घेताना कुणालाच ठाऊक नसते. आणि दोन्ही ठिकाणी कंपनीला हलवले ते सरकारी कंत्राटांनी. मोटार घेणाऱ्यांना कुणी काही विचारल्याचे दिसत नाही. ही गोष्ट मला खटकते.

काही ठिकाणी तर ग्राहकाला पाठ फिरवणे जवळपास अशक्य असते. न्यूकॅसल युनायटेड हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी निधीच्या पुढाकाराने विकत घेतला गेला. तेव्हा ८० टक्के हिस्सा निधीचा होता, आणि निधीचे अध्यक्ष खुद्द सौदी युवराज. सौदी राज्य क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही अशी कायदेशीर हमी मिळाल्याचे प्रीमियर लीगने तेव्हा सांगितले होते. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेत गोल्फच्या एका खटल्यात कागदपत्रे देण्याची वेळ आली, तेव्हा याच निधीने आपण सार्वभौम राज्याचे अंग आहोत आणि आपले प्रमुख विद्यमान मंत्री आहेत असा दावा केला. उबरच्या मंडळावर आलेले हेच प्रमुख न्यूकॅसलचेही अध्यक्ष. क्लबमध्ये बसताना राज्यापासून वेगळा असलेला निधी कोर्टात राज्याचे अंग कसा होतो? आणि आजोबांपासून त्याच संघासाठी घसा फोडणाऱ्या माणसाने काय करायचे? साबणाचा ब्रँड बदलावा तसा संघ बदलता येत नाही. सामन्याला जाणाऱ्या कुणालाही मी दोष देणार नाही. तिथल्या काही समर्थकांनी मात्र क्लबवरचे प्रेम न सोडता विरोध नोंदवला, आणि मला तो मोलाचा वाटतो.

पैसा परत करता येत नाही, हेही खरे नाही. पत्रकार जमाल खशोगी यांची २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली. त्यानंतर अमेरिकेतल्या एंडेव्हर या मनोरंजन कंपनीने सौदी निधीचे ४० कोटी डॉलर परत केले. उबरच्या प्रमुखांनी रियाधच्या गुंतवणूक परिषदेला जायचे टाळले, पण निधीचा हिस्सा राहिला. पुढच्या वर्षी एका मुलाखतीत त्यांनी त्या हत्येला ‘चूक’ म्हटले आणि लगेच माफी मागितली. ती माफी मनापासून असेल, मी शंका घेत नाही. पण ज्याच्या निधीचा प्रमुख आपल्या संचालक मंडळावर बसतो, त्याच्याविषयी बोलताना जीभ कुठे वळते, हे त्या एका शब्दात मला दिसले. लगाम म्हणते तो हाच. प्रत्येक वेळी कुणी तो ओढावाच लागतो असे नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘परदेशी’ हा शब्द आपल्याकडून फार पटकन शिवीसारखा वापरला जातो. राजवट वेगळी आणि त्या देशाची माणसे वेगळी. त्या देशात जन्मलेल्या उद्योजकाच्या दुकानाकडे बोट दाखवून कुणी ‘बहिष्कार’ म्हणत असेल, तर मी त्यात नाही. परदेशी सरकारी पैसाही सगळा एका माळेचा नसतो. नॉर्वेचा तेलनिधी जगातल्या हजारो कंपन्यांत आहे. कुठे किती हिस्सा आहे हे तो प्रसिद्ध करतो, आणि नैतिक कारणावरून कोणत्या कंपन्या वगळल्या त्यांची यादीही. त्याची मते सगळ्यांना पटतील असे नाही, पण निदान वाचता तरी येतात.

बहिष्काराची थोर परंपरा सांगताना १७९१ नंतर ब्रिटनमध्ये हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर सोडल्याचे उदाहरण देतात. त्याबद्दल मला आदरच आहे. पण तिथे पाप त्या साखरेतच होते. इथे वस्तू निर्मळ असू शकते, ती बनवणारे प्रामाणिक असू शकतात, आणि ग्राहक गेले तर पहिली कुऱ्हाड त्यांच्याच नोकरीवर पडते. गुंतवणूकदार आपला हिस्सा विकून मोकळा होतो. म्हणून बहिष्कार हे माझे पहिले हत्यार नाही. कंपनीने कराराची माहिती द्यायचे नाकारले, किंवा लगाम ओढला गेल्याचे दिसले, की मग ते उचलावे. तेव्हा मात्र सोय बघून कच खाऊ नये.

आम्ही त्या कंपनीला पत्र लिहिले. तीनच प्रश्न विचारले: या गुंतवणूकदाराला संचालक नेमता येतो का, त्याला कशावर नकाराधिकार आहे, ग्राहकांची माहिती त्याला पाहता येते का. दोन दिवसांत ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे छापील उत्तर आले. आम्ही तेच प्रश्न पुन्हा पाठवले. सतरा दिवसांनी एका माणसाने लिहिलेले उत्तर आले. ग्राहकांची माहिती दिली जात नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. उरलेल्या दोन प्रश्नांबद्दल अवाक्षर नव्हते.

संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणे आहे. अमुक कंपनीने इतके कोटी डॉलर उभारले, ही बातमी आपण आनंदाने छापता. तिच्यातच आणखी दोन ओळी द्याव्यात: पैसा देणाऱ्याच्या मागे शेवटी कोण आहे, आणि त्याला संचालक मंडळावर जागा मिळाली का. कंपनीने सांगितले नाही, तर ‘सांगण्यास नकार दिला’ असे छापावे. आम्हा दोघींना तीन संध्याकाळी जे जमले नाही, ते आपल्या वार्ताहराला एका फोनवर जमू शकेल.

मुलीने सेवा बंद केली. मी अजून केलेली नाही. मी त्या कंपनीचा एक समभाग घेतला आहे, कारण वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारकाला प्रश्न विचारता येतो आणि उरलेले दोन प्रश्न मला तिथे विचारायचे आहेत. समभाग खात्यात जमा झाल्याचा संदेश आला, तेव्हा मुलगी शेजारीच होती. ‘आई, म्हणजे आता तू त्यांची भागीदार झालीस?’ असे तिने विचारले. तांत्रिकदृष्ट्या हो, एवढेच मी म्हणू शकले. सभा तीन महिन्यांनी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त हिशेब तपासनीस