काकू, आपल्या दगडांना फूल आलं

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

तुम्ही नागपूरला लेकीकडे राहायला गेलात, त्याला आता दोन वर्षं होतील. फोनवर गुडघ्याचं, नातवाच्या शाळेचं बोलणं होतं आणि मला सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र लिहितेय, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमच्यामुळे माझं एक रोप वाचलं, तसं आणखी कुणाच्या खिडकीतलं वाचलं तर वाचू दे.

प्रदर्शनातून मी दोन लिथॉप्स आणले तो जानेवारी तुम्हाला आठवत असेल. दोन जाड पानांची बुटकी झाडं, दिसायला मधोमध चिरलेले दोन खडेच जणू. विकणाऱ्याने सांगितलं, आठवड्यातून एकदा पाणी. मी एकही आठवडा चुकवला नाही. जुलैतल्या एका सकाळी त्यातल्या एकाला सहज बोट लावलं, तर बोट आतच गेलं. उरलेल्याची कुंडी तशीच उचलून मी तुमचं दार वाजवलं.

तुम्ही काही बोलला नाहीत. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलंत, कुंडी उलटी केलीत, चिखल झालेली माती मुळांवरून बोटांनी अलगद सोडवलीत. एक मूळ काळं पडलं होतं, ते कापलंत. मग म्हणालात, “आता चार दिवस हे असंच उघडं राहू दे. जखम सुकली की मातीत लावू.” चार दिवस एक झाड मातीविना ठेवायचं! मला रात्री झोप लागेना. पण ते जगलं.

पाचव्या दिवशी तुम्ही विटांचे तुकडे फोडायला बसवलंत. विटांचा चुरा, जाड वाळू, बारीक खडी असं तीन वाटे आणि माती एकच वाटा. सगळं रव्याच्या चाळणीतून काढताना म्हणालात, “चाळणीत वर राहील ते ह्याचं, खाली पडेल ते तुळशीचं.” बारीक धूळ राहिली की पाणी धरून ठेवते आणि मूळ गुदमरतं, हे तेव्हा कळलं. कुंडीही उथळ नको, खोल हवी, कारण वर बोटभर दिसणाऱ्या ह्या झाडाचं मूळ खाली लांब जातं.

आणि ती दाबून बघायची रीत! भाताचं शीत बघतो तसं चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचं. टणक लागलं तर पाण्याचं नाव काढायचं नाही. मऊ लागलं, कडेला सुरकुत्या दिसल्या, तर सकाळी एकदाच खालून निथळेपर्यंत द्यायचं. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की मी जवळपास देतच नाही. मेच्या काहिलीतही ते झोपलेलं असतं. खिडकी मात्र पूर्वेचीच हवी, चार-पाच तास ऊन येणारी. ऊन कमी पडलं की ते उंच होऊ लागतं, आणि हे झाड उंच झालं म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय.

त्याच्या माथ्यावरच्या त्या काचेसारख्या खिडक्या तुम्ही भिंगातून दाखवल्या होत्यात. ऊन तिथून आत उतरतं आणि हिरवा भाग आत, मातीखाली असतो. दक्षिण आफ्रिकेत प्रीस्काजवळ 1811 मध्ये बर्चेल नावाच्या प्रवाशाने खडा म्हणून उचललं, तर हे झाड निघालं. लिथॉप्स हे नाव त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 1922 मध्ये एन. ई. ब्राऊन यांनी दिलं. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मी मनात म्हटलं, इतक्या लांबून आलेलं लेकरू मी पाण्याने मारत होते.

पण सगळ्यात मोठे आभार पुढच्या हिवाळ्याचे. जानेवारीत जुनी पानं सुकायला लागली, सुरकुतली, बघवेना. मी तांब्या घेऊन उभी आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. “अगं, आत नवी जोडी आहे. जुनी आपलं पाणी तिला देतेय. तू वरून घातलंस तर जुनी सुकायची नाही आणि नवीला जागा मिळायची नाही.” जुन्या पानांचा कागद होईपर्यंत मी थांबले. वर्षभरात दोन पानं, तीही आधीच्या दोन पानांच्या जागी. वाढ म्हणायची ती एवढीच. आईच्या आजारपणानंतर माझ्या हातांना सतत काहीतरी करत राहायची सवय लागली होती. मनगट धरून मला थांबवणारं त्या काळात दुसरं कुणी नव्हतं, काकू.

जाताना तुम्ही तुमचा करडा लिथॉप्स माझ्या तपकिरीशेजारी ठेवून गेलात. गेल्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात दोघांच्या चिरेतून कळ्या आल्या. फुलं दुपारी उमलायची, संध्याकाळी मिटायची. पिवळीधमक, झाडापेक्षा मोठी. एकट्या झाडाला स्वतःच्या परागांवर बी धरत नाही, त्याला दुसरं लागतं, हे तुम्हीच सांगितलेलं. मुलीच्या रंगपेटीतला बारीक ब्रश घेऊन सलग तीन दुपारी मी दोन्ही फुलांमध्ये फिरवला.

दोन्ही बोंडं धरली. आता वाळून कडक झाली आहेत, कागदाच्या पुडीत देव्हाऱ्याशेजारी ठेवलीत. ह्यांची बोंडं उन्हात नाही, पाण्यात उघडतात. वाळवंटात पाऊस पडला की झाकणं वर होतात आणि थेंबाच्या माराने बी उडतं. मी अजून एक थेंबही घातलेला नाही. गणपतीला इकडे येणार आहात ना? विटांचा चुरा चाळून तयार आहे. पहिला थेंब तुम्ही घालायचा.

तुमची,
समोरच्या दारातली