खुर्चीच्या पलीकडचे दोन हात

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, "एका दाताला दोन माणसं कशाला लागतात?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, आणि मी "सक्शन (तोंडातलं पाणी आणि लाळ ओढणारी नळी) धरायला" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर अर्धवट होतं. तुमची दाढ भरायची आहेच, तर नीट लिहिते.

आधी कोण कुठे बसतं ते. आडव्या झालेल्या पेशंटचं तोंड हा घड्याळाचा मध्य धरा. डोक्यामागे 12, छातीकडे 6. उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर 7 ते 12 मध्ये बसतो, असिस्टंट 2 ते 4 मध्ये. अवजारांची देवघेव 4 ते 7 मध्ये, म्हणजे हनुवटीखाली, छातीच्या वर. चेहऱ्यावरून काहीच जाऊ द्यायचं नाही. निसटलं तर डोळाच. डावखुऱ्यासाठी सगळं उलट. असिस्टंटचं स्टूल डॉक्टरपेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर उंच हवं, तरच त्यांना वरून तोंडात दिसतं. आम्ही डेंटलचे विद्यार्थी काय करतो, तर पेशंटची खुर्ची हलवायची सोडून स्वतःच वाकतो. मग आमचं डोकं मधे येतं आणि त्यांना सक्शन अंदाजाने धरावं लागतं.

सक्शनलाही क्रम आहे. आधी मोठ्या सक्शनची टिप जागेवर, मग हँडपीस (दात कोरायचं यंत्र) आणि आरसा. उलट केलं तर असिस्टंटला जागाच उरत नाही. टिपचा तिरका कापलेला भाग दाताच्या बाजूला समांतर ठेवायचा. गालाला टेकला तर गाल आत ओढला जातो, मऊ टाळूला लागला तर उमासा येतो. दात तापू नये म्हणून हँडपीसमधून पाण्याचा फवारा सतत चालू असतो, आणि तोच आरशावर उडतो. त्यामुळे उजव्या हातात सक्शन आणि डाव्या हातातल्या हवा-पाण्याच्या सिरिंजने आरशावर हवा, अशी असिस्टंटची दुहेरी कसरत.

अवजार द्यायचं ते डाव्या हाताने. नवं अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरायचं, वापरलेलं करंगळीने काढून घ्यायचं, आणि दोन्ही समांतर ठेवायची. नाहीतर एकमेकांत अडकतात. खालच्या दातासाठी टोक खाली, वरच्यासाठी वर, म्हणजे हातात आल्यावर फिरवावं लागत नाही. डॉक्टरने दातावर टेकवलेलं बोट न उचलता हात नुसता किंचित कलवायचा. आम्ही मात्र मान वळवून ट्रेकडे बघतो, परत तोंडात नजर स्थिरावेपर्यंत वेळ जातो, तेवढ्यात कोरडा केलेला दात ओला. इंजेक्शनच्या सुईला यातला एकही नियम लागू नाही: टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची, आणि हे काम ज्याने टोचलं त्याचंच. उघडी सुई असिस्टंटच्या हातात देणं हा आळशीपणा आहे, दुसरा शब्द नाही.

खरी गंमत मटेरियलमध्ये. ग्लास आयोनोमर सिमेंट हे दात भरायचं एक मटेरियल; त्याची पावडर आणि द्रव एकत्र आले की घोटणं 30 ते 45 सेकंदांत संपवायचं आणि चमक आहे तोवर दातात भरायचं. चमक गेली म्हणजे दाताला चिकटायला लागणारं मोकळं आम्ल संपत आलं, ते फेकायचंच. म्हणून "मिक्स करा" हे कापूस बदलून दात कोरडा झाल्यावर म्हणायचं. विद्यार्थी घाईत आधी म्हणतो आणि मग असिस्टंटला दोनदा घोटावं लागतं. बाँडिंगचंही (भरणं दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचंही) तसंच: थेंब आधीच काढून ठेवला तर त्यातला द्रावक उडून जातो. कंपोझिट (प्रकाशाने घट्ट होणारं, दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) डोक्यावरच्या दिव्याखाली उघडं ठेवलं तर दातात जाण्याआधीच घट्ट व्हायला लागतं. एका थराची जाडी 2 मिलिमीटरपर्यंत, आणि प्रत्येक थराला साधारण 20 सेकंद निळा प्रकाश. निळ्या प्रकाशाकडे बघायचं नाही म्हणून मान फिरवली की त्या दिव्याची टिप सरकते आणि तळ कच्चा राहतो. त्यावर उपाय नारिंगी ढाल, मान फिरवणं नव्हे. दातांचा ठसा घ्यायची ॲडिशन सिलिकॉनची पुटी लॅटेक्सच्या हातमोज्यांनी मळली तर त्यातल्या गंधकामुळे ती सेटच होत नाही, चिकट राहते. तिथे व्हिनाइलचे मोजे घालावे लागतात. यातलं बरंच अनुभवी असिस्टंटला आमच्याआधी कळतं. ते त्यांना विचारायला आम्हाला उगाच लाज वाटते.

काम सुरू करण्यापूर्वी मिनिटभर सांगायचं असतं: कुठला दात, कोणतं मटेरियल, कुठे अडेल असं वाटतंय. आणि काम चालू असताना आताची नव्हे, पुढची पायरी बोलायची. "एचिंग" (दाताला आम्ल लावून पृष्ठभाग खरबरीत करणं) म्हणताना "नंतर 15 सेकंदांनी धुऊ" हेही. ते न सांगता "अहो, ते द्या ना" म्हटलं की असिस्टंटने कुठलं "ते" द्यायचं?

बाबा, तुमच्याकडूनही थोडी मदत हवी. लाळ ओढणारी बारीक नळी तोंडात असेल तर तिच्याभोवती ओठ घट्ट मिटू नका. नळीतलं पाणी उलटं तोंडात येऊ शकतं. थांबायचं असेल तर डावा हात वर करा, उजवा नको. उजवीकडे डॉक्टरचा हात आणि चालू हँडपीस असतो. आई, तू बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं आणि वेळा कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेव. भुलीच्या औषधात बहुधा ॲड्रेनॅलिन असतं आणि ते रक्तदाब वाढवू शकतं, त्यामुळे इंजेक्शन भरण्याआधीच डॉक्टर गोळ्यांबद्दल विचारतील, आणि बाबा "पांढरी छोटी गोळी" एवढंच सांगतील.

तुमची लेक