अण्णांचं तेल बंद करू नकोस

क्योटो

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तू म्हणलीस अण्णांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेत म्हणून घरातलं तेलच बंद केलंस, भाज्या नुसत्या उकडून द्यायलीस आणि कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी वाटीत जवसाचं तेल पाजायलीस. आई, असं नको करूस गं. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून बसून लिहायलेय, अण्णांना पण वाचून दाखव.

आधी साखरेचं बघ. अण्णांचा दिवसभर गोड चहा चालू असतो आणि एकादशीला ताट भरून साबुदाणा. गोड आणि पिठूळ जास्त झालं की लिव्हर त्याचीच चरबी बनवतं, आणि बनवताना मॅलोनिल-कोए नावाचा एक पदार्थ तयार होतो, तो काय करतो तर पेशीत जिथं चरबी जळते त्या मायटोकाँड्रियात चरबीला शिरूच देत नाही. म्हणजे नवीन बनायलीय आणि जुनी जळत नाही, दोन्ही एकदमच, मग ती रक्तात येते आणि रिपोर्टमध्ये दिसते. तेल शून्य करून चहा तसाच ठेवला तर काय उपयोग? एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी कर, पण भगर पण थोडीच वाढ.

आणि तेल लागतंच. 1929 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं उंदरांना अजिबात चरबी नसलेलं खाणं दिलं, तर त्यांच्या कातडीला खवले आले, वाढ खुंटली. त्यांना बरं केलं लिनोलेइक आम्लानं, म्हणजे तेलातल्याच एका घटकानं, आणि ते आपल्या करडईच्या तेलात साधारण 70-75 टक्के असतं. आपण परभणीकडची माणसं, करडईचं तेल आपल्याला काय नवीन नाही.

पण नुसती करडईच करडई पण नको. जवसात दुसरं आम्ल असतं, ओमेगा-3 म्हणतात त्या गटातलं, आणि शरीरात ही दोन्ही आम्लं पुढं लांबवायला एकच एन्झाइम (शरीरातलं असं काम करणारं प्रथिन) आहे, डेल्टा-6 डिसॅच्युरेज. गावात एकच गिरणी आणि एकाचीच पोती दारात लागली की दुसऱ्याचं दळण रात्रीपर्यंत पडून राहतं, तसं होतं. त्यात जवसातलं शेवटी मासळीतल्या ओमेगा-3 सारखं होतं ते शेकड्यात थोडंच, बायकांत पुरुषांपेक्षा जरा जास्त. इकडं लोक मासे खातात, त्यांना ते आयतं मिळतं. अण्णा माळकरी, त्यांना जवसाचाच आधार, म्हणून मी इतकं मागं लागायलेय.

तर वाटीभर तेल नको, ती नुसती जास्तीची चरबी. रोज मोठा चमचाभर दळलेलं जवस पुरे, त्यात दीड ग्रॅमच्या वर ते आम्ल मिळतं. अख्खं दिलं तर बरंचसं न पचताच निघून जातं, म्हणून हलकं भाजून थोडं थोडं दळ, लसूण-मिरची घालून तुझी चटणी कर, भाकरीसोबत जाईल. जवसाच्या तेलात फोडणी तर अजिबातच नको, तापवलं की खराब होतं.

तिळाचं तर मला फार अप्रूप वाटायलंय. इथल्याच क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी एका बुरशीला तिळाचं तेल घातलं तर तिच्यातलं अ‍ॅराकिडोनिक आम्ल, म्हणजे करडईतल्या त्या लिनोलेइकपासूनच पुढं बनणारं, कमी झालं, मग शोधत गेले तर कारण निघालं तिळातलं सेसामिन, ते डेल्टा-5 नावाचं पुढचं एन्झाइम रोखतं. 1991 मध्ये छापून आलं ते. उंदरांच्या लिव्हरमध्ये सेसामिननं चरबी जळायचं वाढलं हे पण दिसलंय, पण ते वेगळं काढून दिलेलं, तिळाच्या लाडवानं तसंच होईल असं नाही, वर त्यात गूळ. तीळ भाजीत, चटणीत घाल.

खारी-टोस्ट घरात आणूच नकोस. डॉक्टरांची गोळी यातल्या कशासाठीही बंद करायची नाही आणि जवस रोजचं सुरू करायच्या आधी त्यांच्या कानावर घाल. पुढची तपासणी उपाशीपोटी कर, रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास फक्त पाणी, आणि रिपोर्टचा फोटो मला लगेच पाठव.

तुझी,
छोटी